पंख्याचा आवाज

काळाचौकीच्या चाळीत घरबसल्या टायपिंगची कामं घेणारी गुणवंती त्या दिवशी अगदी रडकुंडीला आली होती. गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचायला हवी होती आणि कॉम्प्युटर दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडत होता. दुरुस्तीवाला दोनदा येऊन एक पार्ट बदलून गेला, तरी दुखणं तसंच.

तिचे वडील, रामचंद्र, संप होईपर्यंत गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, दुरुस्त करायचे. त्यानंतर त्यांनी कुठल्या यंत्राला हात लावला नव्हता. पेपर बाजूला ठेवून ते उठले आणि म्हणाले, "बंद पडायच्या आधी आतल्या पंख्याचा आवाज अडखळतो गो. उघड बघू."

उघडलं, तर पंख्यात हा एवढा धुळीचा गोळा. रामचंद्रांनी जुन्या टूथब्रशने तो साफ केला, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग कॉम्प्युटर दुपारभर बिनतक्रार चालला. शेवटचं पान संपवून गुणवंती कौतुकाने म्हणाली, "बाबा, मला तर कसलाच आवाज आला नव्हता."

"अख्ख्या खात्याच्या खडखडाटात एका साच्याचा आवाज बदलला, तरी मला कळायचा," रामचंद्र खुशीत म्हणाले.

मोरीत भांडी घासणाऱ्या आईचा, काशीबाईंचा, हात थांबला. "मगे गिरणीत कान गेले म्हणून वीस वर्सां मी तुमका बोंबलान हाक मारतंय, ती कित्याक?"

रामचंद्रांनी कानामागे हात धरला आणि लेकीकडे वळून विचारलं, "काय म्हणते गो तुझी आई?"