होनपांचा नियम

"पाढे घोकणं म्हणजे गणित नव्हे, वहिनी!" कोटाची बटणे लावत होनप सर तुच्छतेने म्हणाले. संध्याकाळी तंत्रनिकेतनात त्यांच्या 'होनप-नियमा'च्या पुस्तिकेचे प्रकाशन होते. ओळीने कितीही तीन लिहून शेवटी एक मांडा, ती संख्या मूळच. दुसऱ्या कशानेही तिला भाग जायचा नाही. ३१ पासून सात तिनांच्या संख्येपर्यंत सगळ्या त्यांनी तपासल्या होत्या.

"आणि आठ तीन घेतले तर?" जेमतेम चौथी शिकलेल्या वहिनींनी विचारले.

"शितावरून भाताची परीक्षा होते, हे तुम्हाला तरी सांगायला नको."

वहिनींनी पुस्तिकेच्या पाठीवर ३३३३३३३३१ मांडून भागाकार आरंभला. सात, अकरा, तेरा. कशानेच भाग जाईना. सर हसले. "निमंत्रण दोनशे विद्वानांना गेलंय. एकालाही शंका आली नाही, ती तुम्हाला!"

"सतरा त्रिक एक्कावन्न," वहिनी पुटपुटल्या. "भावजी, बाकी शून्य."

सरांनी पुस्तिका हिसकावली. मग कोटाची बटणे सोडून ते खाली बसले आणि ओठांतल्या ओठांत सतराचा पाढा म्हणू लागले.