कारणाचा रकाना

“एकवीस वेळा?” सुतारमास्तरांनी बँकेच्या काउंटरवर थाप मारली. “एका महिन्यात एकवीस वेळा साठ-साठ रुपये कापलेत! दिवसाढवळ्या दरोडा घालताय की काय?”

काउंटरवरच्या बाई दमल्या होत्या. मास्तर सकाळपासून तीन खिडक्या फिरून त्यांच्याकडे आले होते. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पिटाळलं, दुसरीने जेवणाची सुट्टी दाखवली, तिसरीचं मशीनच बंद. मास्तरांचं डोकं नुसतं भणभणत होतं. मागे उभी असलेली बायको चौथ्यांदा म्हणाली, “अहो, जाऊ द्या ना. घरी चला.”

“जाऊ द्या काय? घामाचे पैसे आहेत आपले!”

“काका, हे परदेशी पैसे पाठवण्याचं शुल्क आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या दोघांच्या खात्यातून ऑनलाइन पैसे गेलेत. दर वेळी दहा.”

“दहा पाठवायला साठ? आणि मी कशाला कुणाला दहा पाठवीन? वेड लागलंय का मला?”

बाईंनी कागद छापून पुढे सरकवला. मास्तरांनी चष्मा लावला. ओळींमागून ओळी आणि प्रत्येक ओळीत एकच नाव. त्यांच्या मुलीचं.

दोन वर्षांपूर्वी तिने त्यांना न विचारता परदेशात नोकरी धरली, तेव्हा घरात रणकंदन झालं होतं. ती गेली त्या दिवशी मास्तरांनी बायकोला शपथ घालून ठेवली होती. या घरातून तिला फोन नाही, पत्र नाही, मेसेज नाही.

मास्तर गर्रकन वळले. “तू?”

“शपथ मोडली नाही मी,” बायको म्हणाली. “पैसे पाठवू नकोस असं कुठे म्हणाला होतात? गेल्या महिन्यात शेजारणीने शिकवलं. फुकट आहे असं लिहिलं होतं हो तिथे. बँक मागून कापते हे मला काय ठाऊक!”

नावापुढे एक रकाना होता. पैसे पाठवण्याचं कारण. मास्तर बोट ठेवून वाचू लागले. ‘ताप उतरला का गं?’ ‘यांचा गुडघा परत धरलाय.’ ‘जेवलीस?’ ‘आज उगीचच.’ मधेच एक ओळ तिकडून आलेल्या दहांची होती. ‘उतरला. बाबा गुडघ्याला पट्टा लावतात ना?’

मास्तरांनी चष्मा काढला. काच पुसली, पुन्हा लावला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

“बंद करा हे,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता बंद करा.”

“अहो, नका ना!” बायकोला रडूच फुटलं. “दोन वर्षांनी लेकीशी दोन शब्द बोलतेय मी. आठवड्यातून एकदाच पाठवीन हवं तर. एवढं नका हो तोडू.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काउंटरवरच्या बाईंनाही वाईट वाटलं, पण खातेदार सांगतोय म्हटल्यावर त्या काय करणार? त्यांनी संगणकावर अर्ज उघडला.

“काका, बंद करण्याचं कारण द्यावं लागतं. काय लिहू?”

मास्तर खाकरले. दोनदा खाकरले.

“लिहा,” ते म्हणाले, “फोन स्वस्त पडतो.”