गावाची प्रत

वैजयंतीला एकच आकडा बदलायचा होता. शून्याच्या जागी एक. पण बोट काही कीबोर्डावर जायला तयार नव्हतं.

वाशीत फजलभाईंच्या छापखान्यात अक्षरजुळणीचा कॉम्प्युटर येऊन आठ महिने झाले होते. त्याची करामत अशी, की मजकूर एकदाच भरायचा आणि काही ओळींना खूण करून ठेवायची. सगळ्यात वर जो आकडा टाकाल त्याप्रमाणे खुणेच्या ओळी छापल्या जात, नाहीतर गुपचूप गाळल्या जात. गाळलेल्या जागी भोकही राहत नसे. मशीन खालच्या ओळी वर ओढून घेई आणि पान पहिल्यापासून असंच होतं असा साळसूद आव आणी.

भोपाळला वर्ष उलटून गेलं होतं. खाडीकाठच्या एका रासायनिक कारखान्याने पुस्तिका छापायला दिली होती, 'वायुगळती झाल्यास काय करावे'. शून्य म्हणजे गावात वाटायची प्रत. एक म्हणजे कारखान्यातल्या साहेबलोकांची. दोन म्हणजे मुंबईच्या हेड ऑफिसची, तिच्यात सगळंच यायचं. दोनच्या जादा ओळी बंद पाकिटातून आल्या होत्या आणि फजलभाईंनी स्वतः भरल्या होत्या. वाचल्या असतीलच असं नाही. "अक्षर बघायचं, मजकूर बघायचा नाही," हा त्यांच्या धंद्याचा नियम.

वैजयंतीने मजकूर बघितला होता. एकच्या ओळी तिनेच भरल्या होत्या. 'वारा पश्चिमेचा असल्यास वायू उंबरपाड्यात बारा मिनिटांत पोचेल. घबराट टाळण्यासाठी गावात भोंगा देऊ नये.' गावाच्या प्रतीत त्या जागी होतं, 'ओला रुमाल नाकाला लावून शांत राहावे.'

उंबरपाडा तिचंच गाव. घरात आई, बयाबाई, गुडघ्यांनी बसवलेली. ओटीवरून अंगणात यायलाच तिला पाच मिनिटं लागत. भाऊ भगवान त्याच कारखान्यात, सुरक्षा अधिकारी ठोसरसाहेबांच्या हाताखाली, अजून कायम न झालेला. बोलावं तर भावाची नोकरी, न बोलावं तर आई. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

फजलभाई कागद आणायला मुंबईला गेले होते. तिने ठरवलं होतं, ते एक पान काढायचं, डब्याच्या पिशवीत घालायचं आणि गावकीच्या बैठकीत ठेवायचं. पुढचं पुढे. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. शेवटी तिने डोळे मिटल्यासारखे करून आकडा टाकला आणि छपाईची कळ दाबली. प्रिंटर करकरायला लागला.

पान पुरतं बाहेर आलं आणि दारात ठोसरसाहेब उभे राहिले. गावाच्या प्रतीवर सही करायला ते तीनला येणार होते. घड्याळात दोन वाजले होते.

"अरे वा, निघालं वाटतं," म्हणत त्यांनी पान फाडून हातात घेतलं.

झालं, वैजयंतीला वाटलं. भगवानची नोकरी गेली, आपलीही गेली, आणि पान काही गावात पोचलं नाही.

"साहेब, माजी आय हाय त्या गावान," ती बोलून गेली. घाबरली की तिची शाळेतली भाषा सगळ्यात आधी पळून जाई. "तिला चालवत नाय, साहेब. म्हनून मी..."

साहेब ऐकतच नव्हते. त्यांचं बोट बारा मिनिटांच्या ओळीवरून खाली सरकलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. तिने वाकून वाचलं. 'कारखान्याच्या आवारातील अधिकारी निवासस्थानांत वायू चार मिनिटांत पोचेल. अधिकाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबांना ही माहिती देऊ नये.'

ही ओळ तिने भरलीच नव्हती. तिने पडद्याकडे पाहिलं. वर दोन होतं. एकच्या शेजारची कळ.

ठोसरसाहेब खुर्चीत बसले. ते राहायला त्याच निवासस्थानांत होते. "आमच्या प्रतीत हे नाहीये," ते म्हणाले, जेवणाच्या पंगतीत आपल्याला वगळून वाढपी पुढे गेल्यासारखं. खोटं कशाला सांगा, वैजयंतीला बरं वाटलं. आता हा माणूस आपल्यातला झाला, असं तिला वाटलं.

साहेबांनी फजलभाईंच्या टेबलावरचा फोन ओढला आणि बायकोला लावला.

"मुलींना शाळेतून घे आणि आजच ठाण्याला आईकडे जा. ते मग सांगतो. नाही, शेजारी कुणाला काही बोलू नकोस."

फोन ठेवून त्यांनी पानाची घडी केली आणि खिशात घातली. मग गावाच्या प्रतीचं तयार प्रूफ पुढ्यात घेतलं आणि न वाचता खाली सही केली. एकदा प्रूफवर सही झाली, की जिच्यावरून सगळ्या प्रती निघत ती छपाईची फिल्म पुन्हा कुणी तपासत नसे.

"चारशे प्रती ना गावाच्या? शून्यावरच राहू दे," ते उठत म्हणाले. "हे पान तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं नाही. भगवानच्या कायम होण्याचं माझ्याकडे लागलं."

"हो साहेब," वैजयंती म्हणाली.

बाहेर जीप सुरू होऊन लांब जाईपर्यंत ती उभीच होती. भीती काही गेली नव्हती, उलट वाढली होती. मग ती खाली बसली, आणि चारशे प्रतींची फिल्म काढायला तिने दोन दाबलं.