झरोक्याची जाळी

"आई, सकाळपासून किती डाव साफ केली व ते जाळी? तिसरा डाव होय हा."

खाटेवरून उर्मिलानं विचारलं. अंबाबाई स्टुलावर चढून झरोक्याच्या जाळीतलं तूस खराट्याच्या काडीनं ओढून काढत होती.

आठ दिवस झाले, मेला पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. खोलीत शेगडी, शेगडीवर पालथं टोपलं आणि टोपल्यावर सहा दिवसांच्या बाळाचे लंगोट, दुपटी. जुन्या लुगड्यांची फडकी ती. तिगाव स्टेशनावरून आणलेल्या इंजिनाच्या कोळशावर वाळता वाळता त्यांचं तूस उडायचं आणि काजळीत कालवून जाळीवर जाऊन बसायचं. दिवसाआड झाडलं असतं तरी चाललं असतं. पण अंबाबाईच्या जिवाला थारा नव्हता.

सुईण गुणवंताबाई बाळंतिणीला शेक देऊन उठली.

"उतर, बाई. तो झरोका बुजवून टाकतो मी. हिले वारा लागला त जन्माचं दुखणं. त्यात हे खोली अशी..." तिनं जीभ चावली.

अशी म्हणजे कशी, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नऊ वर्षांमागं थोरली लेक सुनंदा आणि तिच्या पोटाशी तिचं बाळ, दोघं याच खाटेवर सकाळी गार सापडली होती. लोक म्हणाले, बाहेरची बाधा. म्हणून तर आता दाराला निंब आणि उर्मिलाच्या उशाखाली विळा.

"काकू, ताई येते का अजून अठी?" उर्मिलानं उशाखालचा विळा चाचपला.

"येईन नाही त काय! तवाबी मी सांगतलं होतं, झरोका बुजव. तुह्या आईनं ऐकलं नाही. सकाळी येऊन पाहतो, त सताड उघडा."

गुणवंताबाईनं टोपल्यावरचं एक फडकं उचललं, त्याचा बोळा केला आणि हात वर नेला. अंबाबाईनं स्टुलावरून उतरून तिचं मनगट पकडलं.

"ऐकलं होतं मी, गुणवंताबाई."

"काय?"

"गोधडी कोंबली होती. चांगली दाबून, बोटभर फट ठेवली नाही. पेटत्या कोळशाची शेगडी रातभर आतच होती, तिचा धूर कोंडला. सकाळी तुम्ही सारे यायच्या आंधी गोधडी काढून घेतली." तिनं मनगट सोडलं. "बाधा नव्हती व. मीच होतो."

गुणवंताबाईच्या हातातला बोळा खाली पडला. तो कोणी उचलला नाही.

उर्मिला आईकडे पाहत राहिली. मग तिनं खाटेच्या आईकडच्या कडेला निजलेलं बाळ हळूच उचललं आणि भिंतीच्या बाजूला घेतलं.

अंबाबाईनं ते पाहिलं. ती पुन्हा स्टुलावर चढली. जाळीत आता तुसाचा कणही नव्हता. तरी ती काडी फिरवत राहिली.