दुखण्याचं नाव

सरकारी दवाखान्यानं उज्ज्वलाला दुर्बिणीच्या तपासणीची तारीख दिली, ती थेट दिवाळीनंतरची. "मग थांबायचं तवर," ओट्यावर बसलेले सासरे म्हणाले. "महिन्याला दुखायचंच पोट. बायांची नाटकं असतेत."

"शेळीचं पोट फुगलं तर तारीख घेऊन बसता व्हय?" सासूबाई, म्हणजे कडूबाई, एवढंच बोलल्या आणि दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन बीडच्या खाजगी दवाखान्यात गेल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, सगळं विचारलं आणि आजाराचं नाव सांगितलं: एंडोमेट्रिओसिस. कडूबाईंनी त्यांना ते परत म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. म्हातारीचा विश्वासच बसत नाही, असं उज्ज्वलाला वाटलं. पण परतताना एसटीतही त्या खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होत्या, "एंडो... मेट्रो... न्हाई, मेट्री..."

"आत्या, कावून पाठ करायलात? चिठ्ठीवर लिवलंय की ते."

"चिठ्ठी तुझी हाय," कडूबाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

घरी पोचल्यावर चपलाही न काढता त्या ओट्यावरच्या नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अवो, लगीन झाल्यापासून तुमी माझ्या ज्या दुखण्याला नाटकं म्हणत आले ना," त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि एकही अक्षर न चुकता म्हणाल्या, "त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतेत."