डब्याची कडी

"डावीकडे नका बसू बाबा, ती फळी हलते," मुलगा म्हणाला. बाकाकडे न बघताच म्हणाला.

बाबा उजवीकडे सरकले आणि पाय पसरून चहूकडे बघू लागले. "काय बाग आहे! आपलं अख्खं गाव मावेल हिच्यात."

सुनेने सकाळी बाजार सुचवला होता, दोनदा सुचवला होता. पण परदेशात येऊन दुकानं काय बघायची, म्हणून बाबांनी बागेचाच धोशा लावला. येऊन महिना होत आला, तरी चौघं मिळून आज पहिल्यांदाच बाहेर पडली होती. मुलाला ऑफिसातून सवड म्हणून नव्हती. "मीही कधी आलो नाही इथे," तो फाटकापाशी म्हणाला होता. आईला एवढंच दिसलं, की नकाशाच्या पाटीपुढे सगळे थांबतात तिथे तो थांबला नाही, आणि वाटा फुटल्या तिथे बोलता बोलता वळला.

एक माळी ढकलगाडी घेऊन समोरून आला. मुलाला पाहून थबकला, काहीतरी बोलला. मग स्वतःच्या गळ्याशी टाय आवळल्याची खूण करून त्याने मुलाच्या टीशर्टकडे बोट दाखवलं आणि हसत पुढे गेला.

"काय म्हणाला रे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. हवा छान आहे म्हणाला."

"इकडे हवा गळ्यात बांधतात वाटतं," आई म्हणाली.

बाबा खो खो हसले. सून हसली नाही.

रोज सकाळी मुलाचा टाय आईच सरळ करायची आणि हातात डबा द्यायची. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा यायचा. पोराला अजून माझ्याच हातचं लागतं, असं तिने शेजारणीला फोनवर सांगूनही झालं होतं.

"त्या गिऱ्हाइकाला फोन लाव रे," बाबा म्हणाले. "आज होकार कळवतो म्हटलंय. घर एकदा विकलं की आम्ही मोकळे. मग कायमचे तुझ्याकडे. तुझी नोकरी भक्कम, आम्हाला काय कमी?"

"एवढी घाई कशाला, बाबा?"

"घाई? गेलं वर्षभर 'या, या' म्हणून कोण मागे लागलं होतं?"

"आधी जेवून घ्या," म्हणत आईने रोजचाच डबा मांडीवर घेतला आणि कडी काढली. टक्क.

तळ्यातली बदकं वळली. झाकण अजून उघडलं नव्हतं, वास सुटला नव्हता, एक कणही खाली पडला नव्हता. तरी ती पाण्यातून वर आली, डुलत डुलत आईला, बाबांना, सुनेला ओलांडून गेली आणि मुलाच्या बुटांपाशी गोळा झाली.

"बदकंसुद्धा साहेब ओळखतात!" बाबा म्हणाले.

आईचा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला होता. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा धडा घेताना दरवर्षी एखादं पोर विचारायचंच: एकदाच वाजवून चालेल का, बाई? नाही, ती सांगायची. रोज वाजवावी लागते, रोज खायला घालावं लागतं. मग कुठे त्याच्या अंगवळणी पडतं.

मुलगा बुटाच्या टोकाने बदकांना हळूच मागे सारत होता. सून गवताकडे बघत होती.

"लाव ना फोन," बाबा म्हणाले.

"घर विकायचं नाही," आई म्हणाली.

"काय?"

"मला नाही करमत इथे. मला माझंच घर हवं."

"अगं, काल रात्री तर इथल्या खोलीला पडदे कुठले लावायचे ते ठरवत होतीस! डोकं ठिकाणावर आहे का? पोराला काय वाटेल?"

"वाटू दे."

बाबा तडक उठले आणि हात पाठीमागे बांधून तळ्याच्या कडेने चालू लागले. सून त्यांच्यामागे धावली. मुलगा जागचा हलला नाही.

जेवलं कुणीच नव्हतं. बदकं कंटाळून पाण्याकडे परतत होती. आईने डब्याची कडी लावली. टक्क. ती सगळी पुन्हा वळली.

"उद्यापासून," ती हलक्या आवाजात म्हणाली, "अर्धं तरी तू खात जा."