जिवंत ऊ

शाळेच्या दारात बाईंनी ओवीच्या केसांतून फणी फिरवली. फणीत अडकलेल्या उवेच्या पोटात कुणाचं रक्त आहे, ते फणीला जोडलेल्या पडद्यावर उमटायचं. कुणाच्या उवा कुणाच्या डोक्यात गेल्या ते लगेच कळायचं आणि आयांची भांडणं जुंपायची. आज नाव उमटलं : रेणू, दुसरी ब. रक्त आज सकाळचं.

रेणू सहा दिवसांपासून बेपत्ता होती.

"हात लावू नका!" बाई ओरडल्या. "पोलिसांना ऊ जिवंत लागते."

ओवीच्या बापाने, सुदामने, फणी हिसकावली, ऊ अंगठ्याच्या नखावर घेतली आणि दुसऱ्या नखाने कटकन चिरडली. "सवयच पडलीय हो," तो म्हणाला.

शाळेत खिचडी शिजवणारी हौसा, रेणूची आई, धावत आली. तिने हातातला लोखंडी डाव त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटले. तो खाली पडला तरी ती हाणतच राहिली.

"कुठंय माझी पोर?"

"ऊ मेली," तो रक्त थुंकत म्हणाला. "आता काय दाखवशील?"

ओवी रडत मध्ये शिरली. "बाबांना मारू नका ना, मावशी. रेणूच्या डोक्यात अजून खूप आहेत. मीच विंचरते तिला रोज, आमच्या माळ्यावर."